गोदावरीच्या नावेचं इंजिन

बूढ़ापारा, रायपूर

तीर्थस्वरूप मंदाताईंना मारोतीचा वाकून नमस्कार.

मोतीबिंदूचा डोळा आता निवळला असेल. (थेंब वेळेवर घालत जा. बाटली हरवली म्हणून सांगायची खोड तुमच्या धाकट्या बहिणीची होती, तुम्ही लावून घेऊ नका.) मी खुशाल आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. तुमची गोदावरी आम्हाला सोडून गेली त्याला तीन महिने झाले आणि अस्थींचा कलश अजून अंगणातल्या पेरूला टांगलेला आहे. त्यावरून तुम्ही फोनवर रागावलात ते बरोबरच होतं. पण दोष माझा नाही, इंजिनाचा आहे.

तिने तुमच्यासमोरच बजावलं होतं, "मले काठावर हारांच्या कचऱ्यात सोडू नका. गंगरेलच्या धरणात, पार मधात न्या, आपल्या नावेनं." नाव तिकडे धरणावर तयार आहे. इंजिन तेवढं घरी आणलं, पाण्याने भरलेल्या ड्रमच्या काठावर बसवलं आणि दोरी ओढली. दोन मिनिटं फटफट, मग खोकला, मग गप्प. प्लग बदलला. पेट्रोल तिच्या चक्क्याच्या फडक्यातून गाळलं. (ती असती तर मलाच गाळलं असतं.) कार्बोरेटर उघडून पोळपाटावर मांडला, परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. शेजारच्या कलावतीबाईंनी भिंतीवरून विचारलं, "भाऊजी, कपडे धुऊन राहिले का?" शिशिर म्हणाला, "बाबा, किराए की नाव कर लेते हैं ना." पोट्ट्याशी दोन दिवस बोललो नाही. शेवटी गुढ़ियारीच्या इंद्रजीत मिस्त्रीकडे नेलं, तर तिथे ते दुपारभर शहाण्यासारखं चाललं. घरी आणलं की पुन्हा मुकं.

मंगळवारी कारण सापडलं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. (मिस्त्री झाकण सैल ठेवूनच काम करतो, म्हणून त्याच्याकडे चालत होतं.) ते छिद्र कुंकवाने बुजलेलं होतं. खंडेनवमीला ती दरवर्षी इंजिनाला तेलात कालवलेलं कुंकू लावायची, खाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्यापाशी. यंदा वाकवेना, म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचला तिथे, झाकणावर लावलं. चांगलं जाड लावलंय. तिच्या बोटाच्या रेषासुद्धा दिसतात. मी ड्रमला टेकून पुष्कळ रडलो, ताई. आता टाचणी घेऊन ते खरवडायचं कसं, हे तुम्हीच सांगा. तेव्हा इंजिन नादुरुस्त आहे, असंच विसर्जनासाठी खोळंबलेल्या नागपूरच्या मंडळींना कळवावं.

आपला, अंगणात पेट्रोलच्या वासात बसलेला,
मारोती

ता. क. खरवडायची गरज नाही, हे मला माहीत आहे. झाकण अर्धा फेरा सैल केलं की भागतं. मंगळवारीच करून पाहिलं. पहिल्या ओढीत सुरू झालं आणि दहा मिनिटं चाललं. मग मी ते बंद केलं, झाकण पुन्हा घट्ट आवळलं आणि शिशिरला सांगितलं की प्लग गेला.

आणखी एक. तुम्ही या. दोरी मी ओढीन, पण कलश तुमच्या मांडीवर असू द्या. आणि पाण्याच्या मधात जाऊन मी परत फिरू म्हणालो, तर ऐकू नका.