सॉनामागचा झरा

उत्सयोकी, २९ नोव्हेंबर

चि. नीलास यास,
अ. उ. आ.

सूर्य या आठवड्यात गेला, तो आता जानेवारीत तोंड दाखवील. मला तर उन्हाळ्यापासूनच थकवा आहे. तरी तू दिलेली कडीची काठी घेऊन रोज हिंडते. तू पोटात खूण घालून सोडलेली सॅल्मनची पिल्लं मोठी नदी सोडून आपल्या सॉनामागच्या झऱ्यात आलीत. तो गोठत नाही हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. दिवसभर दगडांखाली दडतात. वरून काठी फिरवली की पोटातली खूण ओळखून ती पीं करते. शेजारचा बियेरा विचारतो, म्हातारपणी मासे राखायला बसलीस का. मी म्हटलं, ते तुझ्यापेक्षा कमी बोलतात.

गुडघे फार धरतात. शनिवारी सॉनात बसून वाफ घेते, त्यावर कशीबशी उभी आहे. तुझा लोभ पत्रापुरता नसावा.

तुझी अक्का,
रिस्तीना

ओउलू, ८ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आमच्या मासे-संशोधनाच्या ऑफिसभर नाचवलं! बर्फ सुटेपर्यंत पिल्लं बहुतेक तिथेच राहतील. थंडीत त्यांच्या अंगात त्राण नसतं. बिचकून आडोसा सोडला तर जिवावरच बेततं. म्हणून एवढं कर, सॉनाचं गरम, साबणाचं पाणी झऱ्यात अजिबात जाऊ देऊ नकोस. रोजच्या नोंदी पाठव. माया असू दे.

तुझा,
नीलास

उत्सयोकी, २७ फेब्रुवारी

चि. नीलास यास,
अ. उ. आ.

नोंदी सोबत आहेत. पिल्लं आहेत तिथेच आहेत.

मी मात्र राहीन असं वाटत नाही. तुझं पत्र आल्यापासून सॉना पेटवलेला नाही. मोरी झऱ्यातच उतरते. त्याच मोरीवर न्हाऊन तू वाढलास, विसरलास वाटतं. आता गुडघे वाकत नाहीत. परवा झऱ्यावरून घरी यायला बियेराचा खांदा लागला. आयली म्हणते, आई, पुरे झालं, कायमची माझ्याकडे चल. मी हो म्हणणार आहे. खरंच दमले रे.

माशांची एवढी काळजी करतोस, कौतुक वाटतं. माझ्या गुडघ्यांबद्दल एक ओळ लिहिली असतीस तर बरं वाटलं असतं.

अक्का

ओउलू, ४ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

लाज वाटली. जास्त लिहीत नाही.

शनिवारी दुपारी पोचतो. मोरीखाली पिंप लावू. भरलं की घसरगाडीवरून लांब नेऊन मी ओतीन. लाकडंही मीच फोडीन, तू फक्त वाफेत बस.

बर्फ सुटेपर्यंत मी तिथेच राहणार आहे. आयलीला कळव, तिची आई जागची हलत नाही.

तुझा,
नीलास