ज्याचं त्याचं फोल्डर

मंगळवार, पनवेल

आमच्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात एकाच भाड्याच्या सर्व्हरवर सगळ्या ग्राहकांच्या वेबसाइट, आणि फाइली चढवायला सगळ्यांना एकच पासवर्ड होता! गेल्या महिन्यात मी हट्टानं प्रत्येकाला वेगळा लॉगिन दिला, फक्त त्याच्याच फोल्डरपुरता. ऑफिसचे सर हसले होते, "लॉकरवाली बँक उघडलीस काय गं?"

आज केटरिंगवाल्यानं जुने फोटो काढताना स्वतःची अख्खी साइट पुसली. मी लगेच सर्व्हर तपासला. शेजारीच शाळेची साइट, तिच्यावर आज मुलांचा निकाल... पण त्याचा लॉगिन तिथवर पोचतच नाही, तिला धक्काही नाही! केटरिंगची बॅकअपवरून परत आणली. सर म्हणाले, "बँकवाल्या बाई, चहा घ्या."

घरात पदवीधर मी पहिलीच. आईला हे कळेल का, वाटलं. तरी सरांच्या बँकेसकट सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी पोरांचा निकाल तू राखलास. मंग बँक बोलला तं काय वाईट बोलला?"