बांधून ठेवलेली पेटी

सोमवार, ऑगस्ट १९९१

ठराव मंजूर झाला, तरी बरं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

रेबेका माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, इथल्याच बेने इस्रायल ज्यू समाजातली. तिच्या सिरियन ज्यू जावयाची आई दमास्कसला अडकली आहे. सिरियाचं सरकार ज्यूंना सहकुटुंब देश सोडू देत नाही; एक बाहेर गेला की घरचे मागे अडकवून ठेवतात. म्हातारीने पेटी केव्हाची बांधून ठेवली आहे.

आज महापालिकेच्या सभेत मी निषेधाचा ठराव मांडला. हशा पिकला. कसबा बावड्याचे नगरसेवक आबा ओरडले, "बाई, बावड्याला पाणी न्हाय आन् तुमी सिरियाला कुठं निघाला?" मी फक्त मुलगा बाहेर गेला म्हणून अडकवलेल्या म्हातारीचं आणि तिच्या पेटीचं सांगितलं. तसे आबा जवळ येऊन म्हणाले, "माणसं तारण ठेवत्यात व्हय? देतो की अनुमोदन. पण माझ्या पाइपलाइनीला तुमचा हात वर पायजे."

ती पाइपलाइन आधी झाली तर माझ्या वॉर्डाची मागे पडते. वर्षभर मी विरोध केला होता. आज हात वर केला.

कोल्हापूरचा कागद सिरियात कोण वाचणार? मला का कळत नाही? पेटीतले कपडे तरी म्हातारीला आता होतील का?

सभेवरून थेट रेबेकाकडे गेले. ती म्हणाली, "सुमे, पोचेल का गं हे?"

"आपण पाठवायचं." जरा कडकच बोलले.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत रेबेकाच्या हाती दिली. माझ्या वॉर्डाचं पाणी आबांना दिलं.