भुरीला कुठं ठेवू

१५ नोव्हेंबर १९९८
सूनबाई वैशाली सकाळच्या बसनं अमरावतीला गेली. भावाच्या मुलाचं बारसं आहे. आठ दिवसांत येते म्हणाली. आमचा मुलगा प्र. तिला स्टँडवर सोडून थेट दुकानात गेला. बॅग त्यानंच उचलली होती, तरी जड का आहे हे नवऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. आठ दिवसांच्या बारशाला कोणी दोन शाली आणि स्वेटर नेतं का?

पाया पडली आणि मला म्हणाली, "मामीजी, भुरीले पाहजा."

भुरी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. दिवाळी झाल्यावर वैशालीनं गल्लीतल्या नालीजवळून पदरात उचलून आणलं. माझ्या घरात कुत्रं! हे होते तोवर उंबऱ्याच्या आत मांजरही आलं नाही. मी मागच्या अंगणात बंबाजवळ ठेवायला लावलं. तिनं प्र.ला विचारलं, आत घेऊ का. तो म्हणाला, आईले विचार. मला तिनं विचारलंच नाही.

१६ नोव्हें.
पिल्लू रडतं. थंडी पडली आहे. बारदान्याचं एक पोतं टाकलं तर त्यावर बसत नाही, त्याच्या खाली जाऊन बसतं. दूध पोळी दिली. पोळी ठेवली, दूध प्यालं. माहेरी गेलेल्या बाईच्या कुत्र्याची खिदमत करायची हे माझ्या नशिबात लिहिलेलं.

१९ नोव्हें.
मागच्या भिंतीवर दोन बोके येऊन बसतात. पिल्लाला बंबाखाली दामटलं त्यांनी. प्र.ला म्हटलं, दुकानाच्या गोडाऊनमध्ये ने. बारदान्याचं दुकान आमचं, पोती, दोर, ताडपत्र्या, ऊबच ऊब आहे तिथं. नेलं.

२० नोव्हें.
परत आणलं. उंदीर एवढाले आहेत की पिल्लूच त्यांना भिऊन ताडपत्रीच्या थप्पीवर चढलं आणि तिथंच घाण केली. सीझनच्या दिवसांत, कापसाच्या गाड्या लागलेल्या, गिऱ्हाईक समोर उभं! प्र. रागावलासुद्धा नाही. पिल्लू माझ्या हातात दिलं आणि गेला. या मुलाला राग का येत नाही? यांना यायचा. अख्खी गल्ली ऐकायची.

२६ नोव्हें., गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. एकटीनं कलश मांडला, एकटीनं पोथी वाचली. वै. असती तर फळं तिनं लावली असती, तिच्या हाताला चांगली रचना आहे. पोथी संपवून डोळे उघडते तर पिल्लू चौरंगाजवळ बसलेलं. मागचं दार लोटलं नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, घरात ऐकायला कोणी नाही. तसंच राहू दिलं. देवीनं काय म्हणायचं ते म्हणावं.

आठ दिवस होऊन गेले. फोन दुकानात येतो, घरी फोन नाही. प्र. म्हणतो, बारसं लांबलं. बारसं कधी लांबतं का?

१ डिसें.
प्र.ला खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. "ते नाई म्हनते यायले."

"काऊन?"

"म्हनते, तुमच्या घरात माह्यासाठी जागा कुठी हाय."

चार खोल्यांचं घर. माणसं तीन. म्हटलं, जागा नाही म्हणजे काय? तो ताटात पाहत बसला. मग म्हणाला, "पिल्लाले नाई भेटली तवाच समजलं म्हनते."

जेवण गेलं नाही. गेल्या वर्षी तिचं पोट पडलं, पाचव्या महिन्यात. तेव्हापासून ती गप्प झाली होती. मी टोमणा मारला नाही, देवीशपथ. पण आमच्या घरात असं काही बोलायची रीतच नाही. यांनी कधी बोलू दिलं नाही, प्र. शिकला नाही, आणि मी तर कापसाच्या भावाबद्दल, मालाबद्दल, भाजीबद्दल दिवसभर बोलू शकते.

२ डिसें.
भुरीला आत घेतलं. आता घेऊन काय उपयोग, तरी घेतलं. स्वयंपाकघरात नको, देवघरात नको, ओसरीवर वारं. शेवटी वै.च्याच खोलीत ठेवलं. आत जाताच खुंटीवरच्या तिच्या जुन्या साडीखाली जाऊन उभं राहिलं. मी साडी काढून खाली अंथरली. माझ्यासमोर कोणी असं केलं असतं तर मी वेडी म्हटलं असतं.

९ डिसें.
प्र. सांगत होता, तिचा फोन येतो. "भुरीचंच विचारते. खाते का, खेळते का. माहं नाई विचारत." हसला असं सांगताना. मला त्याचं हसू पाहवलं नाही.

पण एक खरं. दोर एवढाच उरला आहे, भुरीचा. तो सुटला की गेलं सगळं. म्हणून आता दूध, अंड्याचा बलक (होय, माझ्या घरात अंडं, बाहेरच्या चुलीवर उकडून), आणि डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन. जनावरांच्या दवाखान्यात सगळे बैलवाले, मध्ये मी पिल्लू घेऊन. एक जण म्हणाला, "आजीबाई, नातू आनला का?" बाहेर येऊन ऑटोत बसल्यावर डोळ्यात पाणी आलं.

२० डिसें.
वाटलंच होतं. पुढच्या रविवारी तिचा भाऊ गजानन येणार. कशाला? पिल्लू न्यायला!

प्र. म्हणतो, "देऊन टाकू ना आई. तिचंच हाय."

मी म्हटलं, "तुले समजते का? पिल्लू गेलं का बायको गेली."

"मंग का करू?"

काय कर म्हणजे! अमरावतीला जा, तिच्यासमोर उभा राहा. "जाऊन का बोलू?" म्हणतो. बत्तीस वर्षांचा घोडा.

२३ डिसें.
विचार केला. यांची एक पद्धत होती. सीझन तोंडावर आला, सगळे दुकानदार माल काढायचे, हे गोडाऊनला कुलूप लावून बसायचे. माल नाही म्हणायचे. ज्याला खरी गरज, तो दुसऱ्याला पाठवत नाही, स्वतः दारात येतो. आणि यायचे लोक. हिंगणघाटहून, आर्वीहून, पार सेलूहून.

पिल्लू इथं नसेल तर गजानन काय नेणार? तिलाच यावं लागेल. एकदा आली की मी बघते. पाया पडावं लागलं तरी पडीन. प्र.ला काही सांगायचं नाही, त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

२६ डिसें.
कौसल्येकडे ठेवलं. पवनारची, आमच्याकडे मेथी, वांगी घेऊन येते, वीस वर्षं झाली असतील. धाम नदीच्या काठाला तिचं वावर आहे. टोपलीतल्या मेथीच्या जुड्या खाली उतरवल्या आणि भुरीला आत बसवलं. म्हणाली, "बाई, चार दिवसच ना?" चारच म्हटलं. पिल्लू टोपलीतून माझ्याकडे बघत होतं. प्र.ला सांगितलं, शेजारच्या मुलांनी खेळायला नेलं आहे.

२७ डिसें., रविवार
गजानन आला. चांगला मुलगा आहे. चहा घेतला, बसला, इकडचं तिकडचं झालं. प्र. कोपऱ्यात.

"मावशी, पिल्लू?"

"नाई इथं."

"कुठी हाय मंग?"

"तुह्या बहिनीले पायजे असन तं तिले येऊ दे. तिलेच सांगीन."

तो उठून मागच्या अंगणात डोकावून आला. ताटली धुऊन पालथी घातलेली, पोतं झटकून ठेवलेलं. मीच ठेवलं होतं, स्वच्छ. चपला घालताना प्र.कडे बघितलं त्यानं, माझ्याकडे नाही.

प्र.नं विचारलं तेव्हा पवनार सांगितलं. बरं वाटत होतं मला. खरंच बरं वाटत होतं.

३० डिसें.
प्र. भरदुपारी घरी. सीझनमध्ये दुकान बंद करून! मला वाटलं, आली. धावत बाहेर गेले.

फोन आला होता तिचा. गजानननं घरी जाऊन सांगितलं, त्याईनं पिल्लू सोडून देलं कुठीतरी, ताटली बी ठेवली नाई. ती प्र.ला म्हणाली, एवढं एक सांगून आलती, तेही झालं नाई तुमच्यानं. आता कायले येऊ?

प्र.नं सांगितलं, भुरी पवनारले आहे, चांगली आहे. तर म्हणाली, आता खोटं तरी बोलू नका. आणि ठेवला.

पायरीवर बसून होता. मग मला विचारतो, "आई, खरंच पवनारले हाय न ते?"

माझ्या पोटच्या मुलानं विचारलं हे.

१ जाने. १९९९
गिऱ्हाईक आणि सून यातला फरक कळायला एवढं वय जावं लागलं. गिऱ्हाइकाला माल नाही म्हटलं तर तो थांबतो. ज्या बाईला या घरात सगळंच नाही मिळालं, तिला आणखी एकदा नाही म्हटल्यावर ती कशी थांबेल? काय डोकं चालवलं मी! शहाणी. यांची बायको.

२ जाने.
पवनारला गेले, पिल्लू घेऊन आले. वांग्याच्या वावरात कौसल्येच्या मागं मागं फिरत होतं. दुप्पट झालं आहे, माती अंगभर. मी हाक मारली तर थांबलं, बघितलं, पण आलं नाही. कौसल्या म्हणाली, "राहू द्या ना बाई, इथं मस्त रमलं." मोह झाला. ठेवून द्यावं, सुखी आहे, कोणाच्या भांडणात नाही. पण ते वैशालीचं आहे. पिशवीत घालून ऑटोनं आणलं. पूर्ण रस्ता तोंड बाहेर काढून मागं बघत होतं.

६ जाने.
प्र. रोज फोन करतो. तिची आई उचलते. घरी नाही, झोपली आहे, देवळात गेली आहे. त्याला म्हटलं, पिल्लू घेऊन अमरावतीला जा. "नेऊन देलं का संपलंच आई," म्हणतो. माझंच वाक्य मला परत. मीच शिकवलं होतं ना.

म्हणून भुरी वै.च्या खोलीत आणि आम्ही दोघं बाहेर. न्यावं तर ती सुटते, ठेवावं तर खोटे ठरतो.

१४ जाने.
संक्रांत. तीळगूळ केला, थोडाच. हळदीकुंकू ठेवलं नाही. बायका विचारतात, सून कधी येते. माहेरी आहे म्हटलं. "काही गोड बातमी का?" एकीनं विचारलं. मी वडी तिच्या हातावर ठेवली आणि आत गेले.

प्र. तीळगूळ न घेता दुकानात गेला. अंगात स्वेटर दोन दिवसांपासून तोच. मी मेल्यावर हा काय करणार आहे, बारदान्यात बसून राहील.

१६ जाने.
भुरीला पिशवीत घातलं आणि मेन रोडच्या एसटीडीवर गेले. दुकानातून नको होतं, प्र. ऐकतो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः नंबर फिरवला. विहीणबाईंनी उचलला.

"ते बोलत नाई कोनाशी."

म्हटलं, "माह्याशी नको बोलू दे. भुरी आनली मी. तिचा आवाज आयक म्हना. बस एवढंच."

मग कोणीतरी फोन घेतला. बोललं कोणी नाही, श्वास ऐकू येत होता. मी रिसीव्हर पिल्लाच्या तोंडाशी धरला. पिल्लू गप्प. चुचकारलं, भुरी भुरी म्हटलं, पाठ थोपटली. गप्प. एरवी घर डोक्यावर घेतं. रिसीव्हर हुंगला आणि तोंड फिरवलं. काचेबाहेर माणसं उभी, आत एक म्हातारी कुत्र्याला फोन देते आहे. श्वास अजून होता तिकडं. आता ठेवेल, आता ठेवेल असं वाटत होतं. ठेवला की परत कधी घेणार नाही.

मी भुरीचा कान पिरगाळला. जोरात.

केवढ्यानं केकाटली.

"मामीजी! का करून राह्यल्या तिले? सोडा! सोडा म्हनलं नं!"

वैशाली. या घरात तीन वर्षांत तिचा आवाज कधी वर गेला नाही. एवढी ओरडली की बाहेरच्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "सोडलं, सोडलं वं." पुढं म्हणायचं होतं, ये. म्हणायचं होतं, खोली तुझी आहे. ती रडत होती की खोकत होती ते कळलं नाही. मग फोन बंद झाला. तिनं ठेवला की लाइन गेली, तेही कळलं नाही. परत लावला तर एंगेज.

१७ जाने.
प्र.ला सांगितलं. कान पिरगाळल्याचं पण सांगितलं. संध्याकाळी तो लवकर घरी आला आणि ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला. अमरावतीची शेवटची बस आठला येते. येऊन गेली.

भुरी वै.च्या पलंगाखाली आहे. मी दूध घेऊन जमिनीवर बसले, वाटी पुढं सरकवली, भुरी म्हटलं, बाई म्हटलं. माझा हात पाहिला की आणखी मागं सरकते.