दूताला पाठवलं कुणी?

पप्पा, गेल्या रविवारी मी हेब्बाळला अण्णांना भेटून आले. अण्णा म्हणजे तुमचेच, पीण्या भागातल्या कारखान्यात तुमच्या शेजारच्या बोर्डावर ड्रॉइंग काढणारे, बेळगावकडचे. आता मुलाकडे असतात, तळ्याच्या बाजूला. ऐकू कमी येतं, पण आवाज तोच. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती आणि ती मी इतकी वर्षं गिळून बसले होते. तुम्ही मला खरंच घरी बोलावलं होतं का, एवढंच.

माझा हा संशयी स्वभाव आपल्या शुक्रवारच्या जेवणातला आहे. आई शब्बाथचे दिवे लावायची, मनुकांचं सरबत गाळून ठेवायची, नारळाच्या दुधातल्या मटणाचा वास जिन्यापर्यंत जायचा. सरबतावरची प्रार्थना झाली की तुम्ही तोरा या आपल्या धर्मग्रंथातली गोष्ट काढायचात. शाळेतल्या ख्रिस्ती मैत्रिणींकडच्या चित्रांत देवदूत गोरेपान, पंखवाले. तुम्ही म्हणालात, पंख असतात ते देवाच्या सिंहासनाजवळच्यांना. आपल्या ज्यूंच्या गोष्टींत निरोप घेऊन येतो तो चारचौघांसारखा पायी येतो, सांगायचं ते सांगतो आणि जातो. हिब्रूत तर साध्या निरोप्याला आणि देवदूताला शब्दही एकच आहे. मला हे मुळीच आवडलं नव्हतं. पंख असले तर निदान ओळखता तरी येतं.

अब्राहामाच्या तंबूपाशी तीन दूत आले, त्याने त्यांना दही, दूध आणि वासराचं मटण वाढलं, हे ऐकून तर माझा घासच थांबला. "दही आणि मटण एकत्र? आणि ते जेवले?" आई तोंडाला पदर लावून हसत होती. तुम्ही म्हणालात, "दूध-मटण एकत्र न खाण्याचा नियम तेव्हा यायचा होता." पण माझं म्हणणं, खरा दूत असता तर नको म्हणाला असता. मग तुम्ही शमशोनच्या बापाची गोष्ट सांगितलीत. त्याच्याकडे आलेल्या दूताने जेवायला नकार दिला, नाव विचारलं तर तेही सांगितलं नाही. म्हणजे एक जेवतो, एक जेवत नाही, मग माणसाने ओळखायचं कसं?

आणि इसहाकची गोष्ट. पोराला बळी द्यायला वेदीवर ठेव, हे देव अब्राहामाला स्वतः सांगतो. थांब म्हणायला मात्र दूत पाठवतो. मी विचारलं, "अब्राहामाने विचारलं का नाही, तुला पाठवलं कुणी म्हणून? दूत खोटं बोलत असला तर?" तुम्ही पेला खाली ठेवलात, जरा रागावलातच. "सुरी उचललेला बाप असं विचारत नसतो. त्याला थांबायचंच असतं. जेव."

माझ्या लग्नाला नाही म्हणताना तुम्हीही कुणाला मध्ये घातलं नाहीत. समोर बसवून म्हणालात, "मुलगा चांगला आहे. पण आपल्यातला नाही. या लग्नाला मी येणार नाही, आणि मग तूही या घरी येऊ नकोस." मी आनेकलला संसार मांडला. सासरची माणसं प्रेमळ होती, मी कानडी बोलायला शिकले, आणि शुक्रवारी दिवे लावताना तुमच्यावर चरफडायचे.

मग एका रविवारी दारात अण्णा. बसने आले होते, घामाघूम. मी जेवायला वाढते म्हणाले, तर, "नको अम्मा, स्वल्प पाणी दे." पाणी पिऊन म्हणाले, "तुझे पप्पा पाठवलेत. राग नाही म्हणालेत. या शुक्रवारी दोघं जेवायला यायचं." मी लगेच विचारलं, स्वतः का नाही आले? शेजारी फोन आहे, त्यावर का नाही बोलले? अण्णांनी पेला उपडा ठेवला. "मला सांगायला सांगितलेत, मी सांगितलो. काय सांगू त्यांना?"

"बघू," मी म्हणाले.

त्याच बुधवारी शेजाऱ्यांच्या फोनवर तुम्ही गेल्याचं कळलं. सुतकाच्या दिवसांत आईला हळूच विचारलं. ती म्हणाली, "मला नाही गं काही बोलले. पाहुणे येणार असते तर मनुका जास्त भिजव म्हणाले नसते का?" तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली ती कायमची. अण्णा मऊ काळजाचे. कारखान्यात दोघांचं भांडण झालं की याचं त्याला गोड करून सांगून मिटवणारे. तुमची तब्येत बघून त्यांनीच हा निरोप रचला नसेल कशावरून?

आता आईही नाही. म्हणून गेले आणि त्यांच्या कानाशी जवळजवळ ओरडूनच विचारलं. अण्णा म्हणाले, "म्हणालेत की! ऐकलो की मी." इतक्या चटकन म्हणाले की मला ते पटेना. मग वेगळं विचारलं. "मी बघू म्हणाले होते. तुम्ही पप्पांना काय सांगितलंत?"

अण्णा हसले. "येते म्हणाली म्हणून सांगितलो."

"पण मी तसं म्हणाले नव्हते!"

"बघू म्हणून कसं सांगायचं अम्मा त्या माणसाला? सोमवारी सकाळपासून बोर्डावर काम सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसलेले."

परतीच्या बसमध्ये मला आधी रडू आलं आणि मग राग आला. ज्याने माझं 'बघू' बदलून 'येते' केलं, त्याने तुमच्या तोंडचंही काही बदललं नसेल कशावरून? तुमचं तोंडाकडे बघत बसणंही त्यांनीच मला बरं वाटावं म्हणून जोडलं असेल. खोटं बोलताना पकडलेल्या साक्षीदारावर कोर्टसुद्धा विश्वास ठेवत नाही. तुम्हाला विचारावं तर हे पत्र न्यायला माणूस नाही, आणि असता तरी मी त्याच्या हाती दिलं नसतं.

पण एक गोष्ट अण्णांनाही सांगितली नाही. बुधवारी फोन आला तेव्हा मी घरात नव्हते, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले होते. तुम्ही घेतलेली मोरपंखी साडी शुक्रवारसाठी द्यायला.