पहिल्या पाण्याचा मान

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या समितीचा अहवाल शाळेत पोचला. कपाटात ठेवण्याआधी मी तो खरोखर वाचला. तुझ्या खात्यात यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. एवढ्या जाडजूड बाडात मला कळलेलं वाक्य एकच, पण ते लाखमोलाचं: जुन्या भागातलं नळाचं पाणी शिशाच्या दृष्टीने सुरक्षित आहे. खाली सगळ्यांच्या सह्या, त्यात तुझी. ते पान मी शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावलं आणि दोन दिवस उगाच छाती पुढे काढून हिंडलो. जमिनीतले शिशाचे जुने पाइप बदलायचं काम नगरपालिकेने लगेच पुढे ढकललं. खरं सांगतो, मीही हुश्श केलं. परीक्षेच्या तोंडावर शाळेचं अंगण खणून ठेवलं असतं, तर मुलांना काय झाडावर बसवायचं होतं?

आई मजेत आहे. तुझ्या समितीवरचा तिचा राग मात्र अजून उतरलेला नाही. नमुने घ्यायला तुमचा तंत्रज्ञ आमच्या घरीही आला होता ना, त्याने म्हणे स्वयंपाकघरातला नळ आधी बराच वेळ धो धो सोडून ठेवला, आणि पाणी हाताला गार लागल्यावर मग बाटली भरली. आईने त्याला तिथल्या तिथे सुनावलं, की बाटलीभर पाण्यासाठी हंडाभर पाणी गटारात घालणारं सरकार ती पहिल्यांदाच बघते आहे. तो बिचारा नियमांचा कागद दाखवत राहिला. आल्यागेल्याला तिने हा किस्सा इतक्यांदा सांगितलाय, की आता आमची भिंगरीही त्याची नक्कल करून दाखवते.

भिंगरी मात्र सध्या नावालाच भिंगरी आहे. सारखं पोट दुखतं म्हणते. मैत्रिणी खेळायला बोलावतात तर ही जिन्यात गाल फुगवून बसते. तोंडपाठ असलेल्या पाढ्यात अडखळते. डॉक्टरांनी आधी जंतांचं औषध दिलं, मग टॉनिक. तुझी भावजय म्हणते, दात पडायचं वय आहे, होईल सगळं ठीक. मीही वरवर तेच म्हणतो.

लोभ आहेच. तुझ्या सहीसारखा तोही पक्का असू दे.

तुझा,
मास्तर

ता. १४ नोव्हेंबर

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन आई उचलते आणि माझ्या नुसत्या हॅलोवरून तिला सगळं कळतं. म्हणून हे पत्र, आणि तेही शाळेच्या पत्त्यावर.

आईची तक्रार मी हसत वाचायला घेतली. नळ धो धो सोडला, या ओळीपाशी हसू थांबलं. तीच ओळ परत वाचली आणि पायाखालची जमीन सरकली.

तुला समजेल असं सांगते. पाइप शिशाचे असले, की रात्रभर त्यांत थांबलेल्या पाण्यात शिसं उतरतं. सकाळी नळ सोडला, की ते पाणी निघून जातं आणि मागून मोठ्या वाहिनीचं ताजं पाणी येतं. आम्ही तपासलं ते हे मागचं, ताजं पाणी. घरोघर, न चुकता, नियमाने. शहराला पुरवलेलं पाणी कसं आहे, एवढंच बघायचं असतं तेव्हा हीच पद्धत बरोबर असते. पण या वेळी आम्हाला विचारलं होतं, की माणसं पितात ते पाणी कसं आहे. प्रश्न बदलला आणि आम्ही सवयीने जुनीच पद्धत वापरली. टेबलाभोवती बसलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नाही. आणि ती पद्धत सुचवणारी मीच होते रे. सगळ्यांनी पाणी बघितलं, पेला कुणीच बघितला नाही.

आता ऐक. उद्या सकाळी घरातल्या कुणीही नळाला हात लावायच्या आधी पहिल्या धारेची बाटली भर. शाळेच्या नळाचीही भर, तीही सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी. बाटल्या मी सोबत पाठवते आहे. भिंगरीचं रक्त शिशासाठी तपासून घे, डॉक्टरांना तसं नाव घेऊन सांग. तोपर्यंत तिला नळ चांगला सोडल्यानंतरचंच पाणी द्या. उकळून उपयोग नाही, उकळल्याने शिसं जात नाही.

घाबरू नकोस असं लिहिणार होते. पण मी स्वतःच घाबरले आहे, तर तुला कुठल्या तोंडाने सांगू?

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. २७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरच्या बाटलीत शिसं मर्यादेच्या कितीतरी पट निघालं, हे तुझ्याच प्रयोगशाळेने मला कळवलं. शाळेच्या बाटलीत त्याहून जास्त. भिंगरीच्या रक्तातही ते नको तितकं आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, पाणी बदला, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या आणि तीन महिन्यांनी परत तपासू. त्यांच्या तोंडचा ‘वेळेत’ हा एकच शब्द धरून आम्ही दोघं बसलो आहोत.

आम्ही सगळे एकाच नळाचं पाणी पितो, मग तिलाच का, असं मी त्यांना विचारलं. एक तर मुलांच्या अंगात ते जास्त भिनतं म्हणाले. आणि दुसरं कारण घरी आल्यावर माझं मलाच कळलं. घरात सगळ्यात आधी आई उठते. दिवसाचं पहिलं, कुणाचा हात न लागलेलं पाणी नातीला द्यायचं, हा तिचा नेम. भिंगरी पेला धरायला शिकली तेव्हापासून तो एक दिवस चुकलेला नाही. आमच्या वाट्याला नंतरचं यायचं. घरातलं सगळ्यात वाईट पाणी आई रोज सगळ्यात लाडक्या माणसाला देत होती.

हे तिला कळता कामा नये. ती कोलमडेल. मी तिला एवढंच सांगितलंय, की डॉक्टरांच्या मते आधी नळ जरा सोडावा. त्यावर तिने माझी आणि डॉक्टरांची एकत्र हजेरी घेतली. शेवटी तिने नळाखाली बादली लावली. त्या पाण्याने फरशी पुसते, थेंब वाया जाऊ देत नाही.

तुझ्यावर चिडलोय का? हो. लपवून काय करू? ते पान परवा भिंतीवरून ओढून काढलं, चारही कोपरे भिंतीलाच राहिले. शाळेत घंटेच्या आधी सगळे नळ सोडून ठेवायची व्यवस्था मी केली, कारण सांगून. पालक समजूतदार निघाले. पण ताई, माझ्या हातात शाळेचे नळ आहेत. जुन्या भागातल्या बाकी घरांत तुझ्या सहीच्या भरवशावर लोक पाणी पीत आहेत.

राग आहे म्हणजे लोभही आहे, हे तू समजून घेशीलच.

तुझा,
मास्तर

ता. १० डिसेंबर

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

तू चिडलास ते बरं केलंस. गप्प राहिला असतास तर मला ते जड गेलं असतं.

सरांना भेटले. समितीचे अध्यक्ष ते, आणि मला परीक्षानळी धरायला शिकवणारेही तेच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. मंत्र्यांनी तो निष्कर्ष सभागृहात वाचून दाखवलेला आहे. महिन्याभरात, दोन बाटल्यांच्या जोरावर, आणि त्याही एका सदस्येच्या माहेरच्या, आपण शब्द फिरवला, तर उद्या खरोखर धोका असेल तेव्हा आपल्यावर कोण विश्वास ठेवील, असं त्यांचं म्हणणं. मास्तर, हे म्हणणं वेडगळ असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. ते वेडगळ नाही, हीच पंचाईत आहे. भाचीच्या काळजीने माझी नजर गढुळली आहे, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, असेल, म्हणूनच दुसऱ्यांच्या घरचं पाणी तपासा.

मी माझी सही लेखी मागे घेतली आहे. बाकीचे सदस्य माझ्याशी हवापाण्याचंही बोलत नाहीत. एकाने तर मला घरभेदी म्हटलं. सर बधले नाहीत, तर माझं पत्र फायलीला लागेल आणि पाइप आहेत तिथेच राहतील.

निघताना एक रिकामी बाटली सरांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांचं घरही जुन्या भागातलंच. सकाळी चूळ भरायच्या आधी एवढी भरा, दुसरं काही मागत नाही, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता वाट बघणं आलं.

भिंगरीला जवळ घे. मला तुमच्या मनातून हाकलू नका म्हणजे झालं.

तुझी,
ताई

ता. २२ जानेवारी

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

सरांनी बाटली भरली! आठवडाभर ती तशीच पडून होती म्हणे. मग एक दिवस ते स्वतःच ती घेऊन प्रयोगशाळेत आले, कोट चढवला आणि कुणालाही हात लावू न देता तपासणी केली. आकडा आला, तो तुमच्या घरच्याहून वाईट. त्यांनी कोट उतरवून खुंटीला लावला. नंतर मला म्हणाले, की तुझे युक्तिवाद मी तू विद्यार्थिनी होतीस तेव्हापासून ऐकतो आहे, त्यांनी माझं मत बदललं असं समजून शेफारू नकोस. मी शेफारले नाही. बाहेर येऊन रडले.

पुढची चक्रं भराभर फिरली. जुन्या भागात घरोघर पहिल्या धारेचे नमुने घेतले, आणि व्हायचं तेच झालं. सुधारित अहवालाच्या पहिल्याच पानावर, आमचा आधीचा निष्कर्ष चुकला, तो आम्ही मागे घेत आहोत, असं लिहिलं आहे. खाली पहिली सही सरांची. चूक कबूल करणाऱ्या समितीवर लोक विश्वास ठेवतात की नाही ते आता कळेलच, असं म्हणून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. पाइप बदलायचं काम मंजूर झालं, शाळा आणि दवाखाने आधी. तोवर काय करायचं, त्याचं पत्रक घरोघर जाईल.

त्या पत्रकावरून मोठी चर्चा झाली. लोक पाणी असं सोडून देणार नाहीत, जिवावर येईल, असं एक सदस्य म्हणाले. मी आईची बादली सांगितली. सरांनी लगेच वाक्य घालायला लावलं: हे पाणी फेकू नये, बादलीत धरून फरशी पुसण्यासाठी वापरावे. आता सरकारी पत्रकात आईचं वाक्य आहे. तंत्रज्ञाने ऐकलं तर कपाळावर हात मारील.

पण ते पत्रक तुमच्याही दारात येणार. आईला तू आधी सांग. कागदावरून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

तुमचा सगळ्यांचा जीव माझ्यावर असू द्या, मला त्याची फार गरज आहे.

तुझी,
ताई

ता. २ मार्च

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मास्तर मला काहीतरी सांगणार होता. चार दिवस मांजरासारखा पायात घुटमळत होता. तेवढ्यात नगरपालिकेचा कागद दारात आला आणि मी तो चष्मा लावून वाचला. चांगला सोपा लिहिलाय. सकाळचं पहिलं पाणी पिऊ नये, लहान मुलांना तर मुळीच देऊ नये. एवढं वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

तो दिवस वाईट गेला. जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. भिंगरी मांडीवर येऊन बसली तर तिला उठवलं, आपला हातच लागू नये असं वाटलं. तिने विचारलं की आजी, तू माझ्यावर रागावलीस का. तेव्हा तिला पोटाशी धरून रडले. सून पाठीवर हात फिरवत राहिली, मास्तर दारात खांबासारखा उभा.

आता तुम्ही दोघं मला सांगाल की तुझा दोष नाही. तू म्हणशील दोष माझ्या पद्धतीचा. असेल. तू चुकीच्या कागदावर सही केलीस आणि ती मागे घेतलीस, फार बरं केलंस, मला तुझा अभिमान वाटतो. मी भरून दिलेले पेले मला मागे घेता येत नाहीत. म्हणून आता पुढचे नीट भरते, दुसरं काय करणार?

तिचं रक्त परत तपासलं. शिसं उतरलंय, डॉक्टर खूश आहेत. अजून उतरायला हवं म्हणाले. काल जिन्यावरून धावत येऊन तिने माझी फुलदाणी फोडली. मी एक शब्द बोलले नाही, तर ती घाबरून आईला बोलवायला गेली.

तुझ्या त्या तंत्रज्ञाला सांग, पुढच्या वेळी आलास तर चहा पिऊन जा. आणि तुझ्या सरांना माझा नमस्कार कळव.

घरात पहिली अजून मीच उठते. नळ सोडते, खाली बादली. पहिल्या पाण्याचा मान आता फरशीला. बादली भरून पाणी हाताला गार लागलं, की भिंगरीचा पेला भरते आणि तिला द्यायच्या आधी एक घोट मी घेते. चवीने काही कळत नाही, हे त्या कागदात लिहिलंय. तरी घेते.

येऊन जा. लोभ पत्रातून पुरत नाही.

तुझी,
आई