नावाऐवजी ‘आश’

आईस, मिसिसिपीहून तुझ्या लोरेटाचा प्रेमाचा हलिटो, नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणाचे हाल नाहीत. ओक्लाहोमात थंडी पडली असेल. गुडघ्याला तेल लावतेस ना?

आम्हाला आपली चोक्टॉ भाषा शिकवणाऱ्या मेल्वीनामावशी फळ्यावर शिकवत नाहीत. मक्याच्या पिठाचे बनाहा उकडण्यासाठी पानांत गुंडाळता गुंडाळता आमच्याकडून चोक्टॉ बोलून घेतात. वस्तूच्या नावामागे ‘ही इथली’ किंवा ‘ती तिकडची’ असं शेपूट जोडल्याशिवाय काही हातात देत नाहीत. मी विसरले की म्हणतात, “तुम्हा ओक्लाहोमावाल्यांना इथून हाकललं, तेव्हा शब्दांची शेपटं वाटेतच गाळून गेलात गं.”

काल बोलण्याच्या भरात मी त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव विचारलं. त्यांचा हात पिठात तसाच थांबला. मला वाटलं, आता आपली रवानगी घरी.

“गेलेल्याचं नाव घेत नाहीत, पोरी,” त्या हळूच म्हणाल्या. “नातं सांगायचं आणि मागे ‘आश’ लावायचं. ज्याच्याविषयी बोलत होतो तोच, एवढं त्यात येतं.”

आई, मला तू आठवलीस. आजी गेल्यापासून तू तिचं नाव घेतलेलं नाहीस. ‘सश्की-आश’ म्हणतेस, माझी आई, तीच. आणि वर सांगतेस की शाळेत चोक्टॉ बोलल्याबद्दल मार खाऊन सगळी भाषा विसरले.

शुक्रवारी परीक्षा आहे. पास झाले तर आपल्या गावातल्या मुलांना चोक्टॉ शिकवेन. पहिल्या दिवशी तू वर्गात यायचंस. मागच्या बाकावर नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचंस.

खोकला कमी झाला का, ते खरं कळव.

तुझीच,
लोरेटा